जुन्या टर्बो डिझेल गाडीच्या व्हॅक्यूम नळ्या: टर्बो बदलण्याआधी काय तपासावे?

घाटरस्ता_सातारा (प्रश्नकर्ता)

नमस्कार मंडळी,

माझ्याकडे 2007 सालची स्कोडा लॉरा आहे. इंजिन 1.9 लिटरचे टीडीआय (टर्बो डिझेल), 105 पीएसचे, पंप-ड्यूज पद्धतीचे, म्हणजे प्रत्येक इंजेक्टरलाच स्वतःचा पंप असलेले. गाडी पहिल्यापासून एकाच हाती आहे, ऑइल आणि फिल्टर वेळच्या वेळी बदललेले आहेत आणि सपाट रस्त्यावर ती आजही तक्रारीला जागा ठेवत नाही. अडचण येते ती चढावर. पुण्याहून साताऱ्याकडे जाताना खंबाटकी घाट लागला, की तिसऱ्या गिअरमध्ये पाय पूर्ण दाबूनही गाडी हवी तशी ओढ घेत नाही आणि थोडे अंतर गेल्यावर उरलीसुरली ताकदही एकदम नाहीशी होते. कडेला घेऊन किल्ली बंद करून गाडी पुन्हा सुरू केली, की काही काळ सगळे सुरळीत चालते आणि पुढच्या मोठ्या चढावर पुन्हा तोच प्रकार होतो.

स्कॅनर लावल्यावर पी0299 हा एकच कोड निघाला, म्हणजे टर्बोचा (इंजिनात जादा हवा कोंबणाऱ्या भागाचा) दाब मागणीपेक्षा कमी पडतो आहे. एका गॅरेजमध्ये टर्बो संपला असे सांगून नवा बसवण्याचा खर्च कागदावर लिहून दिला. दुसऱ्या एका जुन्या फिटरने मात्र टर्बोला हातही न लावता बोनेट उघडले आणि फायरवॉलजवळच्या (इंजिन आणि केबिन यांच्यामधल्या पत्र्याजवळच्या) बोटाएवढ्याही जाड नसलेल्या काळ्या व्हॅक्यूम नळ्या दाखवल्या. त्यांच्यावरचे सुती विणीचे आवरण उसवून लोंबत आहे, निपलवर (नळी चढवायच्या तोंडावर) बसणारे टोक कर्ण्यासारखे रुंद झाले आहे आणि नखाने दाबल्यावर आतले रबर कडकन तडकते.

माझे प्रश्न असे आहेत. एवढ्या बारीक नळीमुळे एवढी ताकद जाऊ शकते का? फक्त तडकलेली नळी बदलावी की सगळ्याच? नाना पेठेत एका दुकानदाराने निळी सिलिकॉनची नळी दाखवली आणि दुसऱ्याने माशांच्या टाकीला लावतात तसली पारदर्शक नळी. यांपैकी कोणती घ्यावी? आणि ब्रेकसुद्धा याच व्हॅक्यूमवर चालतात असे ऐकले आहे, तेव्हा हे काम घरी करणे सुरक्षित आहे का?

डिझेल_फिटर_कोल्हापूर

नमस्कार. पहिल्या प्रश्नाचे उत्तर होय असे आहे, आणि त्यामागचे कारण समजून घेतले तर पुढची तपासणी तुम्हाला आपोआप सुचत जाईल.

पेट्रोल इंजिनात थ्रॉटल मिटलेला असताना इनटेकमध्ये ओढ तयार होते. डिझेल इंजिनात हवा तशी अडवली जात नाही, म्हणून व्हॅक्यूम तयार करायला वेगळा पंप लागतो. तुमच्या इंजिनात तो हेडच्या टोकाला, कॅमशाफ्टवर चालणारा टँडम पंप आहे. त्याची एक बाजू डिझेल ओढते आणि दुसरी व्हॅक्यूम तयार करते. तिथून एक जाड वाट ब्रेकच्या बूस्टरकडे (पेडलचा जोर वाढवणाऱ्या डब्याकडे) जाते आणि बारीक वाटा एन75 या सोलेनॉइडकडे (विजेवर चालणाऱ्या झडपेकडे) व इतर झडपांकडे जातात. ईसीयू, म्हणजे इंजिनाचा संगणक, एन75 ला जेवढा हुकूम देतो तेवढा व्हॅक्यूम टर्बोवरच्या ॲक्च्युएटरपर्यंत (दांडी हलवणाऱ्या डबीपर्यंत) पोहोचतो, ॲक्च्युएटरची दांडी ओढली जाते आणि टर्बोच्या आतल्या हलत्या पात्या मिटतात. वाट अरुंद झाल्यामुळे धुराचा वेग वाढतो आणि टर्बो लवकर फिरू लागतो. व्हॅक्यूम नसेल तर पात्या उघड्याच राहतात आणि दाब कमी मिळतो. ही रचना मुद्दाम तशी केलेली आहे, कारण नळी फाटली तर इंजिनावर जास्त दाब येण्यापेक्षा कमी दाब येणे केव्हाही परवडते.

सपाट रस्त्यावर काहीच जाणवत नाही याचेही कारण यातच आहे. नळीतून थोडी गळती असली तरी ईसीयू एन75 चा हुकूम वाढवून ती भरून काढतो, आणि हलक्या चालीत तेवढी शिल्लक त्याच्याकडे असते. घाटात पूर्ण दाब मागितला, की हुकूम कमाल मर्यादेला जाऊन टेकतो आणि भरपाईला काही उरत नाही. त्यात बोनेटखालची उष्णता वाढून नळीचे सैल टोक आणखी पकड सोडते. मागितलेला आणि प्रत्यक्षातला दाब यांत काही सेकंद मोठा फरक राहिला, की ईसीयू इंजिनाच्या रक्षणासाठी डिझेल आणि टर्बो दोन्हींवर मर्यादा घालतो. त्यालाच आपण लिंप मोड म्हणतो, आणि किल्ली बंद केल्यावर ती मर्यादा उठते.

आता तपासणी. गेज असलेला हातपंप घ्या. अवजारांच्या दुकानात ब्रेक ब्लीडिंगच्या संचासोबत तो मिळतो. इंजिन थंड असताना ॲक्च्युएटरची नळी काढून हातपंप थेट ॲक्च्युएटरला जोडा आणि हळूहळू ओढा. साधारण 4 ते 5 इंच पाऱ्याला (व्हॅक्यूम याच मापात मोजतात) दांडी हलू लागली पाहिजे आणि 18 ते 20 इंचांपर्यंत थांब्याला टेकली पाहिजे. ती चाल एकसंध हवी, मध्ये अडकून झटका देणारी नको. मग पंप तसाच सोडून काटा पाहत राहा. मिनिटभरात काटा खाली उतरला तर ॲक्च्युएटरचा पडदा गेला. काटा जागेवर राहिला आणि दांडी मोकळी फिरली, तर टर्बो बदलण्याचे बोलणे निदान तूर्त बाजूला ठेवा. त्यानंतर इंजिन सुरू करून पंपाकडून एन75 कडे येणाऱ्या नळीवर गेज लावा. पुण्याच्या उंचीवर 24 ते 26 इंच दिसले तर पंप ठीक आहे. पंपाजवळ पुरेसा व्हॅक्यूम आणि एन75 पाशी कमी, असे झाले तर चोर मधल्या नळीत, टी-जोडात किंवा एकमार्गी झडपेत आहे.

व्हीसीडीएस (फोक्सवॅगन-स्कोडा गाड्या तपासण्याचे संगणक सॉफ्टवेअर) मिळत असेल तर मापन गट 011 उघडा. आरपीएम, मागितलेला दाब, प्रत्यक्ष दाब आणि एन75 चा हुकूम ही चारही मापे एकाच पडद्यावर दिसतात. घाटात शेजारी कोणाला तरी बसवून त्याची नोंद घ्यायला सांगा. चालवणाऱ्याने पडद्याकडे पाहू नये. एक साधी चाचणी आधीच करून ठेवा. इंजिन बंद आणि किल्ली चालू असताना गट 010 मधील वातावरणाचा दाब आणि इनटेकमधील दाब जवळजवळ सारखे दिसले पाहिजेत. ते जुळत नसतील तर दाब मोजणारा सेन्सरच चुकीचे सांगतो आहे आणि नळ्या बदलून काही साधणार नाही.

पी0299 हा कोड इंटरकूलरच्या (टर्बोतून आलेली हवा थंड करणाऱ्या जाळीच्या) जाड पाइपातून हवा सुटली तरी येतो. त्या वेळी दांडी पूर्ण ओढली जाते, पण हवा मध्येच निसटते, शिट्टीसारखा आवाज येतो, मागून काळा धूर निघतो आणि जोडाजवळ ऑइलचा ओलसर डाग दिसतो. दांडी हलतच नसेल तर दोष व्हॅक्यूमच्या बाजूला शोधा, हलत असूनही दाब येत नसेल तर जाड पाइपांकडे वळा.

रबर_पिंपरी

मी रबराच्या उत्पादनात काम करतो, म्हणून नळीच्या मालाबद्दल लिहितो. बाजारात नेमकी इथेच सर्वांत जास्त गल्लत होते.

पारदर्शक नळीचा विचार मनातून पूर्ण काढून टाका. ती पीव्हीसीची असते, सत्तर-ऐंशी अंशांच्या आसपास मऊ पडते आणि व्हॅक्यूम लागताच तिच्या भिंती आत चिकटतात. ती हातात घेऊन फुंकून पाहिली तर उत्तम वाटते आणि घाटात गरम झाल्यावर बंद पडते. त्यामुळे नळी बदलूनही दोष गेला नाही असा समज होतो आणि माणूस टर्बो बदलायला निघतो. सलाइनची नळी वापरणारेही मी पाहिले आहेत. तिची गतही तीच.

मूळ नळी म्हणजे बाहेरून सुती वीण आणि आत रबर, अंतर्व्यास साधारण 3.5 मिमी. सुती विणीचे आवरण दिसायला भक्कम असते, पण त्यामुळे आतली भेग झाकली जाते, आणि म्हणूनच वरून पाहून नळी चांगली ठरवणे धोक्याचे आहे. तशीच विणीची नळी नवी मिळाली तर ती बसवण्यात काही गैर नाही. तिचे आयुष्य तुम्ही पाहिलेच आहे; इतक्या वर्षांनी रबर कडक होणे हा त्याचा स्वभाव आहे, गाडीचा दोष नव्हे.

सिलिकॉन 200 अंशांपर्यंत सहज टिकते आणि वर्षानुवर्षे मऊ राहते, म्हणून टर्बोच्या जवळच्या भागासाठी ते चांगले. मात्र भिंत जाड हवी. 3.5 मिमी अंतर्व्यासाच्या नळीची भिंत किमान 2 मिमी तरी असावी, नाहीतर वळणावर ती चपटी होते. विकत घेण्याआधी नळीचा एक तुकडा अंगठ्याभोवती वळवून पाहा. वळणाच्या आतल्या बाजूला घडी पडली तर ती घेऊ नका. सिलिकॉनचे दोन दुर्गुणही लक्षात ठेवावेत. त्याला एकदा चीर पडली की ती झपाट्याने वाढत जाते, त्यामुळे धारदार पत्र्याला घासेल अशी नळी ठेवू नये. दुसरे म्हणजे ऑइल आणि डिझेल त्याला मानवत नाही. सिलिकॉन फुगते, मऊ होते आणि निपलवरून निसटते. टँडम पंपाच्या अगदी जवळच्या नळीत पंपातून ऑइलचा सूक्ष्म अंश येत राहतो. तिथे मूळचा कडक नायलॉनचा पाइप शाबूत असेल तर तो तसाच ठेवा, आणि रबराचा तुकडा लागणार असेल तर नायट्राइलचा किंवा पैसे देण्याची तयारी असेल तर व्हायटॉनचा लावा; ही दोन्ही रबरे ऑइल सोसतात. ईपीडीएम हे रबर उष्णता आणि ओझोन छान सोसते, पण ऑइल लागले की फुगते, म्हणून पंपाजवळ तेही नको.

हा धागा वाचून इतर गाड्यांचे मालकही कामाला लागतील, म्हणून एक इशारा देतो. जुन्या रोटरी पंपाच्या आणि बऱ्याच कॉमन रेल डिझेल गाड्यांत इंजेक्टरांवरून परतीचे डिझेल नेणाऱ्या नळ्याही अशाच विणीच्या, जवळजवळ याच मापाच्या असतात. त्या व्हॅक्यूमच्या नळ्या समजून सिलिकॉनने बदलल्या तर काही दिवसांत इंजिनावर डिझेल पाझरू लागते. तुमच्या पंप-ड्यूज इंजिनात इंजेक्टर हेडच्या आतच असल्यामुळे त्या नळ्या नाहीत, पण शेजारच्याच्या गाडीला हात लावताना हे विसरू नका.

नाशिक_टर्बो_पेट्रोल

माझी गाडी ऑक्टेव्हिया आरएस, 1.8 लिटर टर्बो पेट्रोल, 150 पीएस. वरची चर्चा डिझेलची आहे, तरी मला इथे लिहावेसे वाटले, कारण याच कंपनीच्या पेट्रोल टर्बोला हे नियम जसेच्या तसे लावले तर निदान उलटे होते.

माझ्या इंजिनात टर्बोचा ॲक्च्युएटर व्हॅक्यूमवर चालत नाही, दाबावर चालतो. टर्बोने तयार केलेला दाबच एन75 मधून ॲक्च्युएटरकडे जातो, वेस्टगेट (जादा धूर टर्बोला वळसा घालून सोडणारी झडप) उघडतो आणि दाब आटोक्यात ठेवतो. ती नळी फाटली तर वेस्टगेटला उघडण्याचा निरोपच पोहोचत नाही आणि दाब वाढत जातो. म्हणजे डिझेलमध्ये फाटलेल्या नळीने गाडी मरगळते आणि माझ्या गाडीत तीच नळी फाटली तर इंजिनावर नको तेवढा ताण येतो. म्हणून कोणाच्याही सल्ल्याने नळी ओढण्याआधी आपला ॲक्च्युएटर कशावर चालतो हे पाहून घ्यावे. विश्रांतीच्या स्थितीत हातपंपाने ओढल्यावर दांडी हलली तर तो व्हॅक्यूमचा, आणि ओढून काही झाले नाही पण हलका दाब दिल्यावर हलली तर दाबाचा.

पेट्रोलमध्ये आणखी एक भानगड आहे. इनटेक मॅनिफोल्डच्या खाली नळ्या, एकमार्गी झडपा, एन249 सोलेनॉइड आणि प्लास्टिकचा व्हॅक्यूमचा डबा यांचे जाळे असते, आणि ते वरून दिसतही नाही. तिथे कुठेही हवा शिरली की इंजिन रिकामे चालताना मिश्रण पातळ होते आणि 17544, म्हणजे पी1136 हा कोड येतो. माझ्याकडे तो आला होता तेव्हा मुख्य नळ्या धडधाकट होत्या. ऑइलच्या वाफा नेणाऱ्या श्वसननळीचे कोपर खालच्या बाजूने मऊ पडून चिरले होते. आरसा आणि टॉर्च घेतल्याशिवाय ते दिसले नसते.

क्लिपबद्दलही सांगतो. व्हॅक्यूमच्या नळीला बाहेरची हवाच निपलवर दाबून धरते, त्यामुळे घट्ट बसणाऱ्या नळीला तिथे क्लिपची गरज सहसा पडत नाही. दाबाच्या नळीला मात्र आतली हवा बाहेर ढकलत असते, म्हणून माझ्यासारख्या गाडीत प्रत्येक टोकाला स्प्रिंगची छोटी क्लिप हवीच. प्लास्टिकचा टाय करकचून आवळला तर सिलिकॉनला खाच पडते आणि चीर तिथूनच सुरू होते.

वर्कशॉप_वाई

वरच्या चर्चेत एक भर घालतो. गळती शोधण्यासाठी चालू इंजिनावर कार्ब क्लीनर किंवा स्टार्टिंग स्प्रे मारण्याची सवय अनेकांना आहे. गरम टर्बोजवळ ते पेट घेऊ शकते, आणि डिझेल इंजिनाने तो फवारा इनटेकमधून ओढला तर इंजिन हाताबाहेर जाऊ शकते. शक्य असेल तिथे धुराच्या यंत्राने (नळ्यांत धूर सोडून गळती दाखवणाऱ्या) तपासावे, तेही इंजिन बंद ठेवून.

आमच्या भागात पावसाळ्यात उंदीर बोनेटखाली येऊन बसतात आणि नळ्या कुरतडतात. तुम्ही त्रासाची सुरुवात सांगितलेली नाही, पण तो पावसाळ्यात सुरू झाला असेल तर दिसणाऱ्या भेगेवर समाधान मानू नका. बॅटरीच्या खाली आणि फायरवॉलच्या आवाजरोधक पत्र्यामागे दातांच्या खुणा शोधा.

घाटरस्ता_सातारा (प्रश्नकर्ता)

सर्वांचे मनापासून आभार. त्रास पावसाळ्यातच वाढला हे खरे आहे, पण उंदरांच्या खुणा कुठे सापडल्या नाहीत.

एका मित्राकडून हातपंप आणि व्हीसीडीएस दोन्ही मिळाले. ॲक्च्युएटरची दांडी 5 इंचांच्या आसपास हलू लागते, 19 ला थांब्याला टेकते आणि काटा जागेवरून ढळत नाही. पंपापाशी 25 इंच मिळतात. एन75 च्या आत येणाऱ्या नळीवर मात्र काटा 17 च्या पुढे जात नाही, आणि फायरवॉलजवळचे ते तडकलेले टोक बोटांनी आवळून धरले की तो लगेच 21 वर चढतो. घाटातल्या नोंदीत मागितलेला दाब 2,100 मिलिबारच्या आसपास होता, प्रत्यक्ष दाब 1,500 च्या वर गेला नाही आणि एन75 चा हुकूम कमाल मर्यादेला चिकटलेला होता.

आवळून धरल्यावरही 21 च येतात, 25 नाही, याचा अर्थ गळती आणखी एखाद्या ठिकाणी आहे असे मी समजतो. आता सगळ्या नळ्या बदलायचे ठरवले आहे. काम करताना कोणती काळजी घ्यावी, आणि ब्रेकच्या वाटेचे काय करावे?

डिझेल_फिटर_कोल्हापूर

तुमचे अनुमान बरोबर आहे. एकाच दिवशी बसवलेल्या आणि एकाच उष्णतेत राहिलेल्या नळ्यांपैकी एक तडकली असेल तर बाकीच्याही त्याच वाटेवर असतात. म्हणून बारीक नळ्या सगळ्या बदला, पण एका वेळी एकच. जुनी काढली, तेवढ्याच लांबीची नवी कापली, बसवली, आणि मगच पुढच्या नळीला हात लावला, असा क्रम ठेवला तर अदलाबदल होण्याचा प्रश्नच येत नाही. एन75 ला तीन तोंडे असतात: एकातून व्हॅक्यूम येतो, दुसरे ॲक्च्युएटरकडे जाते आणि तिसरे हवेसाठी मोकळे, एअर फिल्टरच्या बाजूला जोडलेले असते. पहिल्या दोन नळ्या उलटसुलट लागल्या तर गाडी सुरू होईल, पण टर्बोवरचे नियंत्रण पार बिघडेल. काम सुरू करण्याआधी चहूबाजूंनी फोटो काढा आणि प्रत्येक टोकाला कागदी चिकटपट्टीवर खूण लिहा.

जुनी नळी ओढून काढू नका. इतक्या वर्षांत सोलेनॉइडची आणि टी-जोडांची प्लास्टिकची निपले ठिसूळ झालेली असतात. पक्कडीने नळी पिळली की निपल तुटून नळीतच राहते आणि शंभर रुपयांच्या कामाला हजारोंचा सुटा भाग लागतो. नव्या ब्लेडने नळीच्या टोकाला लांबीच्या दिशेने हलकी चीर द्या आणि साल सोलल्यासारखी ती उघडा. ब्लेड निपलला लागू देऊ नका, कारण त्यावर पडलेली रेषही पुढे गळते. नवी नळी कात्रीने चेपून कापू नका, ब्लेडने सरळ कापा. ती चढत नसेल तर टोकाला आयसोप्रोपिल अल्कोहोलचा थेंब लावा. नळी सरकते आणि अल्कोहोल उडून जाते. ग्रीस किंवा ऑइल लावू नका. नळीला किंचित सैलपणा ठेवा, कारण इंजिन हलते आणि फायरवॉल हलत नाही.

एकमार्गी झडप तोंडाने फुंकून तपासा. हवा एकाच बाजूने गेली पाहिजे. जुनी झडप काढताना तिची दिशा लिहून ठेवा. टी-जोड आणि झडपा नव्याच घेतल्या तर उत्तम, कारण तुमचे ते उरलेले चार इंच बहुधा तिथेच हरवत आहेत. सोलेनॉइड लागलाच तर त्याच काळातल्या 1.9 टीडीआय जेट्टाचाही चालू शकतो, त्यामुळे कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर शोधताना दोन्ही गाड्यांची नावे सांगा, पण भागावरचा क्रमांक जुळवल्याशिवाय पैसे देऊ नका.

ब्रेकच्या बूस्टरकडे जाणारा जाड पाइप आणि त्यावरची झडप यांना घरच्या कामात हात लावू नये असे माझे स्पष्ट मत आहे. तो पाइप मापाने कापलेल्या साध्या नळीने बदलण्याचा नाही. खराब असेल तर मूळ जोडणीसकट कंपनीचाच बसवावा. बारीक नळ्यांचे काम झाल्यावर रस्त्यावर निघण्याआधी ब्रेकची खात्री मात्र करून घ्या. इंजिन बंद ठेवून पेडल कडक होईपर्यंत दाबत राहा, मग ते दाबून धरूनच इंजिन सुरू करा. पेडल पायाखाली थोडे खाली गेले पाहिजे. तसे झाले नाही तर गाडी बाहेर काढू नका.

घाटरस्ता_सातारा (प्रश्नकर्ता)

काम झाले. टर्बोजवळच्या आणि एन75 च्या भोवतीच्या नळ्या जाड भिंतीच्या सिलिकॉनच्या घेतल्या, पंपाजवळचा छोटा तुकडा नायट्राइलचा लावला आणि दोन टी-जोड व एक झडप नवी बसवली. उरलेली गळती एका टी-जोडात होती. त्याच्या मधल्या सांध्यावर केसासारखी भेग होती, आणि ती दोन्ही टोके वाकवल्यावरच दिसली. एन75 पाशी आता 25 इंच मिळतात. पेडलची चाचणीही बरोबर आली. खंबाटकीच्या चढावर मागितलेला आणि प्रत्यक्ष दाब हातात हात घालून चढतात, एन75 चा हुकूम कमाल मर्यादेपासून बराच खाली राहतो आणि कोड परत आलेला नाही. ज्या टर्बोला निकालात काढले होते तोच टर्बो गाडीला वर नेतो आहे, याचे मला मोठे समाधान आहे.

एक शंका उरली आहे. महाबळेश्वरला गेलो असताना सहज गेज लावून पाहिले, तर पंपापाशी 25 ऐवजी 22.5 इंचच दिसले. गाडीच्या ओढीत फरक जाणवला नाही. हे पंप थकत चालल्याचे लक्षण आहे का?

डिझेल_फिटर_कोल्हापूर

नाही. गेज बाहेरच्या हवेच्या तुलनेत मोजते, आणि बाहेरची हवाच तिथे विरळ आहे. समुद्रसपाटीला हवेचा दाब सुमारे 30 इंच पारा असतो, पुण्यात 28 च्या आसपास आणि महाबळेश्वरला, साडेतेराशे मीटर उंचीवर, साधारण साडेपंचवीस. पंपाने सगळीच्या सगळी हवा ओढून घेतली तरी तिथे त्याहून मोठा आकडा दिसणे शक्य नाही, त्यामुळे 22.5 हे माप तिथे उत्तम आहे. खाली आल्यावर इंजिन गरम असताना पुन्हा एकदा मोजा. पुण्यात 25 च्या आसपासच आले तर पंपाला हात लावू नका.